गाडी कोण सरकवतं?

"आजही गाडी सरकली रे," चाकापाशी वाकून मनवा तिच्या मित्राला, अर्णवला म्हणाली. काल तिने पुढच्या चाकालगत खडूची रेघ ओढली होती. चाक ती ओलांडून चांगलं चार बोटं पुढे आलं होतं.

लालबागच्या त्यांच्या चाळीत गणपतीच्या सुट्टीत दुसरा विषयच नव्हता. चाकांच्या गाडीवर विराजमान झालेले बाप्पा रोज थोडे पुढे येत होते! मंडळाचे दत्तारामकाका हात जोडून सांगत, "भक्तांच्या भेटीला येतोय तो."

मनवाला धास्ती होती ती कमलआजीची. आजीचे गुडघे धरलेले, आणि तिची अथर्वशीर्षाची खुर्ची गाडीच्या अगदी समोर.

"आजी, बाजूला बस ना."

"समोर बसल्याशिवाय माझं चित्त लागत नाही, बाय."

अर्णवने जमिनीवर गोटी ठेवली. ती आपसूक खुर्चीकडे घरंगळली.

"उतार आहे. आपल्याला दिसत नाही, गोटीला कळतो."

"पण चाक अडवायला पुढे दगडाची उटी लावलीय की. मग गाडी का सरकते?"

उत्तर आरतीनंतर मिळालं. काकांनी त्याच दगडावर नारळ वाढवला. मागोमाग नवसाचे नारळ आले, तेही तिथेच. प्रत्येक घावासरशी दगड हलत होता, पाणी त्याच्याखाली झिरपत होतं.

"ओला झाला की दगडाची पकड सुटते," मनवा म्हणाली, "आणि मागून गाडीचा भार रेटतो. काका, नारळ दुसरीकडे वाढवा."

"देवाच्या कामात शाळा आणू नकोस. पळ."

"पळतो," अर्णव पुटपुटला, "पण वाळू आणायला."

मंडपाच्या खांबांपाशी वाळूची पोती पडलेली होती. त्यातली दोन त्यांनी ओढत आणून खुर्चीच्या दोन्ही अंगांना ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा नारळ दगडावर बसला आणि दगड सर्रकन निसटला. गाडी हलली. माणसं मागे पळाली. अथर्वशीर्ष म्हणत समोरच बसलेल्या आजीला उठता येईना.

"वेग धरायच्या आत, अर्णव!"

दोघांनी एकेक पोतं पुढच्या चाकांखाली लोटलं. चाकं वाळूत रुतली, करकरली आणि थांबली. गाडी आणि आजीचे गुडघे यांत वीतभर जागा उरली होती.

काकांनी आपली मानाची शाल काढून दोघांच्या खांद्यांवर मिळून घातली.

"पोरांनो, आज तुम्ही माझी लाज राखलीत."

आजीने दोघांची दृष्ट काढली, आणि अथर्वशीर्ष जिथे अडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

थाळीत एक नारळ उरला होता. काकांनी तो उचलला, गाडीकडे पाहिलं आणि मनवाकडे वळले.

"बाईसाहेब, हा कुठे वाढवू, ते तुम्हीच सांगा."