बिनगाड्यांची वाट

मागून इंजिनाचा आवाज आला आणि मी सायकलसकट काटेरी जाळीत जाऊन पडले.

टॅनर नदीकाठच्या त्या वाटेवर गाडी यायचं काही कारणच नव्हतं. पूर्वी तिथून ओंडके नेणारी आगगाडी धावायची. रूळ उखडले त्याला पन्नास वर्षं झाली. आता तीस मैल नुसती बारीक खडी, एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला डोंगर. गाड्या नाहीत म्हणून तर मी तिथे जात होते.

आवाज बंद झाला. खडीवर पावलं वाजली.

"बाई... लागलं का तुम्हाला?"

आधी दिसले ते चिखलाने माखलेले बूट. मग एक उंच माणूस, लालसर दाढी, डोक्यात केशरी टोपी.

"इथे गाड्यांना बंदी आहे," मी जाळीतूनच म्हणाले. आवाज रडवेला वाटू नये म्हणून जरा जास्तच करडा काढला.

"आहे ना. तो बोर्ड मीच रंगवलाय." त्याने टोपी काढली. "पुढे झाड पडलंय, ते कापायला निघालो होतो. मी हॉलिस डिली. ही वाट सांभाळतो."

"मग नीट सांभाळा."

"हो," तो म्हणाला. हसला नाही.

त्याने हात पुढे केला, पण माझे हात इतके थरथरत होते की मला तो धरताच येईना. ते त्याला दिसलं. त्याने नजर वळवली, माझी सायकल उभी केली आणि चाकात अडकलेले काटे एकेक करून काढत बसला—मी सावरेपर्यंत. मला बराच वेळ लागला. काटे केव्हाच संपले होते, तरी तो काढतच होता.

दोन वर्षांपूर्वी शहरात सायकलवर असताना एका व्हॅनचा आरसा मागून माझ्या पाठीवर बसला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं, जुळलंही. पण मागून येणारा कुठलाही आवाज ऐकला की मी अजून रस्ता सोडून बाजूला व्हायची. नोकरी सोडून मी या डोंगरात, व्हर्डा मावशीकडे आले. वाटेवरच्या जुन्या स्टेशनात तिचं कॉफीचं दुकान. सकाळी मी तिथे धिरडी घालायची आणि दुपारी सायकल काढायची.

दुसऱ्या दिवशी हॉलिस दुकानात आला. तोही सायकलवर. मागे दोन चाकांचा छोटा गाडा जोडलेला, त्यात फावडं आणि एक लांब हातकरवत.

"काय रे, गाडी कुठाय तुझी?" मावशीने विचारलं.

"इंजिन बिघडलंय."

"आणि इंजिनाची करवत?"

"तीही," तो म्हणाला आणि कॉफीत बघत बसला.

त्यानंतर तो रोज बारा वाजता यायचा. माझी सायकल निघायची वेळ झाली की त्याचंही काम नेमकं त्याच दिशेला निघायचं. नोव्हेंबर होता. दरीतलं धुकं दुपारपर्यंत हलायचं नाही. पानं झडलेली पांढरी झाडं नदीवर वाकून उभी असायची... आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी, खडी चाकांखाली करकरत.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला तेव्हा त्याने मला एक केशरी टोपी दिली, शिकाऱ्यांना लांबून माणूस ओळखू यावा म्हणून.

"मी भोपळा दिसतेय," मी म्हणाले.

"भोपळ्यावर कुणी गोळी झाडत नाही."

"हे कौतुक समजायचं?"

"आमच्याकडे यापेक्षा जास्त कुणी बोलत नाही." मग जरा थांबून—"पण भोपळा छान आहे."

डोंगरात कुठेतरी बंदूक वाजली. मी दचकले. सायकल वेडीवाकडी गेली आणि त्याचा हात क्षणभर माझ्या पाठीवर टेकला. लगेच निघालाही. घरी गेल्यावरसुद्धा ती जागा मला कळत होती. आणि त्या रात्री मला एका वेगळ्याच गोष्टीची भीती वाटायला लागली. रस्ता टाळता येतो. पण हे कसं टाळायचं?

तीन आठवड्यांनी मावशी धिरड्यांचं पीठ कालवता कालवता सहज बोलून गेली, "काल हॉलिसच्या बहिणीने त्याच्या गाडीतून माझी लाकडं आणून टाकली. इंजिन ठणठणीत आहे."

दुपारी मी त्याला गाठलं. तो पडलेल्या झाडावर एक पाय ठेवून करवत ओढत होता. तळहातांना फोड आले होते.

"खोटं का सांगितलंस?"

त्याने करवत थांबवली. "त्या दिवशी तू जाळीतून बाहेर आलीस ना... तसा चेहरा माझ्यामुळे परत व्हायला नको होता."

कुणी इतकं चांगलं वागलं की काय म्हणायचं, ते मला माहीत नव्हतं. मी नको तेच म्हणाले. "मी सांगितलं नव्हतं असलं काही करायला. गाडीवाचून उद्या तुला काही झालं तर? तेही माझ्या डोक्यावर? मला नको आहे हे, हॉलिस."

"बरं," तो म्हणाला. पुन्हा करवत ओढायला लागला.

चार दिवस मी वाटेवर गेले नाही. तोही दुकानात आला नाही. पाचव्या दिवशी पाऊस लागला. बर्फ पडायच्या दिवसांत असा पाऊस... दोन दिवस नुसता कोसळत होता. नदी तपकिरी झाली. फोन बंद पडले. मोबाईलला तर आमच्या दरीत कधीच रेंज नव्हती.

तिसऱ्या सकाळी हॉलिसची बहीण दुकानाशी गाडी थांबवून, खाली न उतरताच म्हणाली, "हॉलिस आलाय का इकडे? पहाटेच गेलाय, वाटेखालच्या कुठल्यातरी मोरीत कचरा अडकलाय म्हणून. सायकलने. किती सांगितलं, गाडी घेऊन जा..."

मी एप्रन काढला. मावशी म्हणाली, "कोरीन, आगीचे बंबवाले बघतील."

"त्यांना कोण सांगणार?" मी म्हणाले. बहीण त्याला वरच्या अंगाला शोधायला गेली. मी खालच्या अंगाला निघाले.

दोन मैल सायकलवर मी कशी गेले, आठवत नाही. जुन्या खाणीजवळ वाटच संपली होती. तिथली मोरी, तिच्यावरची खडी, सगळं वाहून गेलं होतं. पंधरा फूट रुंद घळीतून चहाच्या रंगाचं पाणी धावत होतं. आणि पलीकडे, वाटेच्या उरलेल्या तुकड्यावर हॉलिस बसला होता. त्याच्या मागची वाटही तुटली होती, वर सरळ कडा. पाणी त्याच्या बुटांपासून हातभर खाली.

"पाय मुरगळलाय," तो ओरडला. "तू परत जा. मावशीला सांग."

परत दोन मैल, मग मावशीच्या गाडीने फिरून पाच. खाणीची जुनी पायवाट मात्र तिथूनच वर हमरस्त्याला लागत होती. बंबवाल्यांचं ठाणं त्या रस्त्याने फक्त दीड मैल.

मी वर पाहिलं. त्याला कळलं.

"कोरीन, रस्त्याने नको. ऐक माझं... ओंडक्यांचे ट्रक असतात. कोरीन..."

मी सायकल ढकलत वर गेले.

हमरस्ता ओला, काळा, दोन्ही बाजूंना खोल नाल्या. मी सायकलवर बसले आणि मागून आवाज आला. मी नालीत उतरले. ट्रक गेला. त्याच्या चाकांचं पाणी तोंडावर आलं. पुन्हा बसले, पुन्हा आवाज, पुन्हा नालीत. असं करत मी शंभर पावलंसुद्धा गेले नव्हते. रडून उपयोग नव्हता, तरी रडत होते. मनात एकच—पाणी हातभर होतं, आता किती असेल?

तिसरा आवाज लांबून आला. मी सायकल नालीत टाकली, रस्त्यावर चढले आणि वळून आवाजाकडे तोंड करून उभी राहिले. दोन्ही हात वर. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. डोळे मात्र मिटले नाहीत. समोरचे दिवे मोठे होत गेले, हॉर्न वाजला, मग ब्रेक किंचाळले... बराच वेळ किंचाळत राहिले. ट्रक माझ्यापासून दहा पावलांवर थांबला.

खिडकीतून पांढऱ्या वेणीची एक बाई बाहेर वाकली. "पोरी, मरायचंय का तुला?"

"नाही," मी म्हणाले. "वर घ्या मला. माणूस अडकलाय."

बंबवाल्यांनी दोर आणि होडी आणली. हॉलिसला अलीकडे आणलं तेव्हा तो कमरेपर्यंत भिजला होता. खाणीच्या पायवाटेवर त्यांच्या गाडीच्या मागच्या फळीवर त्याला घोंगडीत गुंडाळून बसवलं. मी शेजारी बसले. तो माझ्याकडे बघत होता. चेहरा, हात, पाय—सगळं जागेवर आहे ना, हे मोजल्यासारखा.

"थंडी वाजतेय?" मी विचारलं. "किती थरथरतोयस."

"थंडीने नाही," तो म्हणाला. "वरच्या रस्त्याचा आवाज खाली येतो. तू गेल्यावर मी एकेक ट्रक ऐकत होतो. मग एकाचा ब्रेक लागला... लांबलचक. आणि त्याच्यानंतर काहीच नाही. कोरीन, पाणी बुटात शिरलं तेही मला कळलं नाही. मला वाटलं, तू..."

त्याने घोंगडी घट्ट ओढून घेतली.

"मीच थांबवला तो," मी म्हणाले. "समोर उभी राहून."

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्याने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. ओली दाढी, चिखलाचा वास.

"तू म्हणाली होतीस, तुला हे नको आहे."

"खोटं बोलले होते."

"मला नाही जमणार गं," तो माझ्या खांद्याशीच पुटपुटला. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. पण असा जीव टांगणीला लावून रोज राहायचं म्हणजे..."

मी त्याचा फोड आलेला हात हातात घेतला. माझाही थरथरत होता. दोन्ही एकमेकांत धरले तरी थांबेनात.

"मग घाबरत घाबरतच प्रेम कर," मी म्हणाले. "मीही तसंच करतेय."