रावेरच्या बाजारात वाटलेली साक्ष

"त्या पेटीत काय हाये? लेकरू झोपलंय का?"

एस.टी. बंद पडली होती, आणि मी हार्मोनियमची पेटी मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. ऑगस्टची भुरभुर चालू होती. पेटीवर पदर पांघरून मी स्वतः मात्र खुशाल भिजत होते. समोर एक ट्रॅक्टर थांबला होता आणि त्यावरचा तरुण हसत होता.

"हार्मोनियम आहे," मी ताठ मानेने म्हणाले.

"मंग वाजवा ना! एस.टी. चालू होईल एखाद्या वेळेस."

त्याचं नाव चुडामण. रावेर स्टेशनावर केळीचे घड उतरवून तो रिकाम्या ट्रॉलीने गावी परतत होता, आणि मला त्याच गावच्या मिशन दवाखान्यात जायचं होतं. मी एस्तेर भालेराव, धुळ्याची, वय बावीस. नर्सिंग संपलं की एक वर्ष प्रभूच्या सेवेला द्यायचं, असं मी ठरवलं होतं. १९८७ सालची ही गोष्ट. आत्मे वाचवायला निघाले होते मी — पांढरीशुभ्र साडी नेसून!

"त्या पानांवर नका बसू," मी ट्रॉलीत चढताच तो म्हणाला. "केळीचा चीक लागला तर डाग जात नाही."

"इथे तर काहीच दिसत नाही."

"आज नाही दिसत. चार दिवसांनी काळा पडतो."

मी ऐकते कुठली! बसलेच. चार दिवसांनी पदरावर तळहाताएवढा काळा डाग उमटला आणि मला उगीचच हसू आलं.

दवाखान्यात आम्ही दोघीच. शेवंताअक्का बायबलबाई होत्या. तीस वर्षं पायी गावं हिंडून शुभवर्तमान सांगत आल्या होत्या. बोलायच्या कमी. मी मात्र सकाळच्या उपासनेला मोठ्याने गायचे आणि कोण ऐकतंय ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचे.

चुडामणची आई, बेबाबाई, साखरेच्या आजाराची. तिच्या पायाची जखम भरत नव्हती. रोज तो तिला ट्रॅक्टरवरून पट्टीला आणायचा आणि स्वतः बाकावर बसून राहायचा. एके दिवशी पट्ट्या आटोपल्यावर मला गाण्याचा सराव करायचा होता, तर हा आपणहून हार्मोनियमचा भाता मारायला बसला.

"सिस्टर, मी भाता मारतो, तुम्ही सूर धरा."

"बायबल वाचायला येतोस की भाता मारायला?"

"दोन्ही नाही," तो पेटीकडे बघत म्हणाला. "आणि मी सिस्टर म्हणणं बंद करणार हाये. सिस्टर म्हणजे बहीण ना?"

माझे कान तापले. बेबाबाई आपल्या पायाकडे बघून गालातल्या गालात हसत होती. तिला सगळं कळत होतं, आणि तिला मी आवडत होते. एकदा तिने माझ्या केसांना तेल लावून दिलं. "पोरी, इतक्या लांब एकटी राहतीस, मायची आठवण येत नाही का व?" म्हणाली.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी चुडामण एकटाच आला. केळीच्या बागेत पाणी सोडून आला होता, पाय चिखलाने भरलेले. बाकावर बसून पायाचा चिखल काडीने खरवडत राहिला आणि मग...

"माह्या मोठ्या भावाचं, कौतिकचं, तुम्ही ऐकलं असंल. साप चावला म्हणून."

"हो, ऐकलंय."

"साप नव्हता. फवारणीचं औषध प्यायला तो. आदल्या सांजेला मी त्याच्यावर हात उचलला होता. आबाले आणि मले ठाऊक हाये, बस. मायले आम्ही सापच सांगितला. तिले कधी कळू देऊ नका."

तो रडला. मी त्याचा हात धरून प्रार्थना केली. तोही डोळे मिटून बसला. त्याचा हात माझ्या हातात होता आणि मी त्याच्यावर प्रेम करते हे मला पक्कं कळलं. देवाचे आभारही मानले... कशासाठी, ते मीच नीट तपासलं नाही.

जानेवारीत धुळ्याला सेवेतल्या तरुणांचं संमेलन होतं. तिथे रीत अशी, की प्रत्येकाने उभं राहून साक्ष द्यायची — वर्षभरात प्रभूने आपल्या हातून काय केलं ते सांगायचं. कुणी साक्रीकडची दहा गावं फिरला होता, कुणी शिरपूरच्या डोंगरात शाळा काढली होती. माझी पाळी आली. माझ्याजवळ सांगण्यासारख्या होत्या फक्त पट्ट्या.

म्हणून मी चुडामण सांगितला. नाव नाही घेतलं, एवढी हुशार होते! 'आमच्या गावचा एक ट्रॅक्टरवाला तरुण', त्याचा भाऊ, ते औषध, त्याचे अश्रू, आमची प्रार्थना. माणसं रडली. "हालेलुया!" झालं. चर्चच्या पाळकांनी ते मिशनच्या मासिकासाठी लिहून मागितलं आणि मी त्याच संध्याकाळी लिहून दिलं.

अंक आले फेब्रुवारीत. दर महिन्याला ते रावेरच्या बाजारात वाटायचे, हे माझंच काम. या अंकात माझी साक्ष होती, खाली माझं नाव छापलेलं! चाळीस अंक मी माझ्या हाताने वाटले, शेवटचा आमच्या गावच्या शिंप्याला दिला.

"एस्तेर, हे त्याला विचारलं होतंस का?" घरी आल्यावर अंक वाचून अक्का म्हणाल्या.

"नाव कुठे आहे त्यात, अक्का?"

अक्कांनी अंक मिटून ठेवला. त्या रात्री जेवल्याही नाहीत.

तिसऱ्या दिवशी बेबाबाई पट्टीला आली नाही. चौथ्या दिवशी मी पट्ट्यांचा डबा घेऊन तिच्या घरी गेले. तिने आतून कडी लावली. मी ओट्यावर उभी राहिले, दारामागे तिचं रडणं ऐकत.

संध्याकाळी चुडामण आला. ट्रॅक्टर बंद न करताच उतरला.

"मायले शिंप्याच्या दुकानावर कळलं," तो म्हणाला. "चार बायांच्या पुढे."

"चुडामण, मी... मला वाटलं, प्रभूचं काम..."

"मी तुमच्या प्रभूपाशी रडलो नव्हतो. तुमच्यापाशी रडलो होतो." त्याचा आवाज चढला नाही, हेच मला सोसेना. "या होळीले मायजवळ तुमची गोष्ट काढणार होतो. आबा चिडले असते, गाव चिडलं असतं... चालणार होतं मले. तेव्हा ती तुमच्या बाजूने राह्यली असती."

मी त्याच्या बाहीला हात लावला. त्याने तो हळूच, एखादी वस्तू ठेवावी तसा, बाजूला केला आणि निघून गेला.

मी पदराचा तो डाग चोळत रात्रभर रडले. सकाळी अक्कांना म्हणाले, "मी घरी जाते."

"जा," त्या म्हणाल्या. "पण तिचा पाय सडतोय. तो कोण बघणार?"

मी थांबले. रोज त्या ओट्यावर जाऊन बसायचे, डबा मांडीवर घेऊन. गायचे नाही, प्रार्थना करायची तर ओठ न हलवता. माझ्या साक्षीत प्रभू किती होता आणि मी किती होते, ते त्या ओट्यावर मला पहिल्यांदा दिसलं. लाज वाटत होती, पण उठून जावंसं वाटेना.

सतराव्या दिवशी कडी निघाली. बेबाबाईने पाय पाटावर ठेवला. दोन बोटं काळी पडली होती. मी पाय धुतला. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "त्यानं तुले सांगितलं. मले नाही सांगितलं."

"चुकले मी, माय."

"पाय बांध."

जळगावच्या डॉक्टरांनी ती दोन बोटं काढली, पण पाय वाचला. चुडामणचं मे महिन्यात लग्न झालं, यावलची मुलगी. आईला पट्टीला तोच आणायचा, पण बाकावर बसायचा नाही. रस्त्यावर ट्रॅक्टर चालू ठेवून थांबायचा. मी माझं वर्ष संपल्यावर आणखी एक वर्ष मागून घेतलं.

पुढच्या जानेवारीत धुळ्याला पुन्हा माझं नाव पुकारलं गेलं. "एस्तेर, यंदा प्रभूने काय केलं?"

मी उभी राहिले. तीच साडी होती, डाग पदराच्या घडीत नीट दुमडलेला.

"एका बाईचा पाय बरा झाला," मी म्हणाले आणि खाली बसले.

कुणी हालेलुया म्हटलं नाही. पाळक अजून काही ऐकायला मिळेल म्हणून वाट पाहत राहिले. पण माझं चुडामणवर प्रेम होतं, अजून आहे, हे मी तिथे सांगितलं नाही, कुठेच सांगितलं नाही. त्याच्याबद्दलची तेवढी एक गोष्ट तरी मी माझ्यापाशी ठेवली.