पहिल्या खुर्चीतला श्रोता

मिरजेच्या स्मृती संशोधन केंद्रातल्या पडद्यावर साठ चौकोन उमटले होते. एक चौकोन म्हणजे मैफलीतली एक खुर्ची. एकोणसाठ चौकोन फिकट होते, डाव्या कोपऱ्यातला पहिला तेवढा लख्ख पिवळा.

"ही तुमची खुर्ची, सर," रुबिना मुजावर म्हणाली. "बाकी सगळ्यांची बेरीज केली तरी यंत्र तुमच्यावरच जास्त विसंबतं."

डॉ. मोरेश्वर गद्रे यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "रविवारच्या मैफलीत मी यंत्रखोलीत बसेन म्हणतो."

"आणि अण्णांना शब्द कोण देणार? मी?"

अण्णा म्हणजे गीतकार वामन खिलारे. वय चौऱ्याऐंशी. आपली गाणी आपणच पेटीवर म्हणत ते पन्नास वर्षं गावोगाव फिरले होते. चार वर्षांपूर्वी त्यांची स्मृती ढासळू लागली. चाली बोटांत राहिल्या, शब्द मात्र गेले. त्यांची मुलगी सुमेधा समोरच बसली होती. शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली होती आणि उत्तर पटल्याशिवाय पुढे जायची नाही.

"मला एकदा नीट सांगा," ती म्हणाली. "अण्णांच्या डोक्यात नाहीत ते शब्द येणार कुठून?"

"ऐकणाऱ्यांच्या डोक्यातून," रुबिना म्हणाली. "ओळखीचं गाणं सुरू झालं, की पुढचा शब्द कानावर पडायच्या आधीच मेंदू तो तयार ठेवतो. जिना उतरताना पाय पुढची पायरी गृहीत धरतो ना, तसं. त्या वेळी एक लहर उठते. आम्ही तिला अपेक्षालहर म्हणतो. कपाळावरची पट्टी ती टिपते, आणि आमचं यंत्र, शब्ददूत, तो शब्द अण्णांच्या कानात सांगतं. एकेकाची लहर धूसर असते. साठ जणांची एकत्र केली की शब्द स्पष्ट होतो."

"मग सरांची एकट्याची एवढी पिवळी कशी?"

"ती आमची खोड! नवी पट्टी आली की पहिली सरांच्या डोक्याला. दुसरं कोण फुकट डोकं देतं? तीन वर्षांत यंत्र त्यांचा मेंदू पाठ करून बसलंय."

"आणि ऐकणाऱ्यालाच गाणं आठवत नसेल तर?"

रुबिनाने गद्र्यांकडे पाहिलं. उत्तर त्यांनाच द्यावं लागलं.

"आठवणं वेगळं," ते हळूच म्हणाले. "एखादं गाणं म्हणून दाखवा म्हटलं तर येत नाही. पण कुणी ओळ सुरू केली की मेंदू आपोआप पुढे धावतो. आठवणीला कुलूप लागतं. अपेक्षेला... लागत नाही."

हे वाक्य त्यांनी परिषदांमधून शंभरदा उच्चारलं असेल. या वेळी बोलताना मात्र त्यांनी सुमेधाकडे बघायचं टाळलं.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी गद्रे एकोणीस वर्षांचे होते आणि चोरून कविता करत होते. खिलाऱ्यांचा कार्यक्रम त्यांच्या महाविद्यालयात झाला. गर्दीत खिलाऱ्यांनी आपली गाण्यांची वही जवळच्या एका मुलाच्या हातात दिली आणि ते सह्या करू लागले. तो मुलगा म्हणजे गद्रे. दोन पानं वाचावी म्हणून ते वही घेऊन कोपऱ्यात गेले. वर पाहिलं तेव्हा खिलारे मोटारीत बसून निघाले होते. उद्या पोचवू, असं त्यांनी ठरवलं. उद्याचा परवा झाला. आठवडा गेल्यावर उशिराचं कारण सांगायची लाज वाटू लागली. महिनाभर ते रोज ती वही वाचत होते. मग वर्तमानपत्रात निवेदन आलं: वही हरवली आहे, ज्यांना सापडली असेल त्यांनी कृपया आणून द्यावी, त्यातल्या दहा रचनांची दुसरी प्रत नाही. त्या दिवशी आई देवळात गेल्याचं पाहून गद्र्यांनी वही पाणी तापवायच्या बंबात घातली.

पुढे त्यांना त्या गाण्यांतली एक ओळही आठवेना. कविताही सुटली. शब्ददूत आपण का बांधतो आहोत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याइतकं धैर्य असतं तर यंत्राची गरज पडली नसती, असं त्यांना कधीकधी वाटे.

"सर, तुम्ही नसाल तर अण्णा मधेच अडकतील," सुमेधा म्हणाली. "मागच्या वर्षी अडकले तेव्हा लोक चुळबुळायला लागले आणि अण्णा त्यांच्याकडे बघून रडले. मला ते पुन्हा बघायचं नाही."

गद्रे हो म्हणाले. नाही म्हणायलाही कारण द्यावं लागलं असतं.

रविवारी सकाळी दहा वाजता मैफल सुरू झाली. तंतुवाद्यांच्या गल्लीतल्या एका कारखान्याच्या माडीवर छोटं सभागृह होतं. भिंतीला तंबोऱ्याचे वाळलेले भोपळे टांगलेले होते आणि खालून लाखेचा वास येत होता. साठ माणसं कपाळाला पट्ट्या बांधून बसली होती.

"ताप आलाय काय ओ सगळ्यांना?" खिलाऱ्यांनी पेटी पुढे ओढत विचारलं. माडी हसली.

पहिली चार गाणी बिनचूक झाली. खिलारे ओळ संपवत, क्षणभर कान टवकारत आणि पुढची ओळ उचलत. पाचवं गाणं त्यांचं सर्वांत प्रसिद्ध.

"दार लोटले, लाविले नाही,
कुणी कधीही यावे;
दिवे ठेविले, काडी ठेविली,
आपण लावुन घ्यावे."

या गाण्याची दोनच कडवी लोकांना माहीत होती. तिसरं हरवलेल्या वहीत होतं. दुसरं कडवं झालं की खिलारे पेटीचा भाता मिटून म्हणत, "पुढचं ज्याच्याकडं आहे त्यानं म्हणावं," आणि लोक टाळ्या वाजवत. चाळीस वर्षांचा हा रिवाज होता.

गद्र्यांनी मनाला वेगळीकडे गुंतवायचं ठरवलं होतं. ते सतराचा पाढा म्हणू लागले. दुसरं कडवं संपलं. टाळ्यांसाठी हात वर गेले. पण खिलाऱ्यांना तो रिवाजही आठवत नव्हता. त्यांचा भाता मिटला नाही. चाल पुढे सरकली, आणि गद्र्यांच्या मनात पाढा चालू असतानाच खिलाऱ्यांनी कान टवकारला.

"घरातुन कोणी नेले काही,
लागु नये रे मागे;
परत ठेवण्या येईल तेव्हा
घर नसावे जागे."

कुणी टाळी वाजवली नाही.

"चांगलं हाय," खिलारे म्हणाले. "कुणाचं हाय हे?"

सुमेधा उभी राहिली होती. "हे तिसरं कडवं आहे," ती म्हणाली. "ते कुणीच ऐकलेलं नाही. मुजावर मॅडम, कुठून आलं?"

सभागृहामागच्या यंत्रखोलीच्या दारात रुबिना उभी होती. तिने पडदा पाहिला होता. एकोणसाठ खुर्च्यांवरून त्या चार ओळींसाठी काहीच आलं नव्हतं. ती गद्र्यांकडे न बघता म्हणाली, "यंत्र तपासावं लागेल. कधीकधी चुकतं."

तिने त्यांच्यासाठी खोटं बोलावं, याची लाज गद्र्यांना सोसवली नाही. ते उठले.

"यंत्र चुकलेलं नाही. वही मी नेली होती."

"कुठाय ती?" सुमेधाने विचारलं.

"जाळली."

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि आज पहिल्या खुर्चीत बसलेत! काय माणूस आहे." दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. गद्र्यांना गप्प केलेलं जास्त लागलं.

खिलारे त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. "जाळलीस?" ते म्हणाले. "अरे, नको होती तर टाकून द्यायची दारात. आम्ही काय फाशी देणार होतो तुला? त्या वहीपायी मी दोन वर्षं पेटीला हात लावला नाही."

गद्रे पट्टी सोडू लागले. त्यांना जिना दिसत होता.

"थांबा," सुमेधा म्हणाली. "बाकीची नऊ गाणी सांगा."

"मला आठवत नाहीत. खरंच नाही. फार प्रयत्न केला..."

"आठवायची गरज नाही, असं तुम्हीच म्हणाला होता." गणित सोडवल्यासारखं ती एकेक पायरी मांडत होती. "अण्णांच्या चाली बोटांत आहेत. धृपदंही माझ्याकडे आहेत, अण्णांनी ती मला ऐकवली होती. अण्णा सुरुवात करतील, तुम्ही ऐकायचं. पुढचं यंत्र काढेल. बरोबर ना, मॅडम?"

रुबिनाने हळूच मान हलवली. "बरोबर. पण सरांनी समोर बसायला हवं. एका बैठकीत एखादं कडवंच स्पष्ट येईल."

"म्हणजे कितीएक रविवार."

"कितीएक."

"बसा, सर," सुमेधा म्हणाली. "पट्टी राहू द्या."

गद्रे बसले. आयुष्यात त्यांनी केलेलं सर्वांत अवघड काम हेच असावं. खिलाऱ्यांनी डोळे पुसले, पाण्याचा घोट घेतला, पेटीवर बोटं फिरवली. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग त्यांचं लक्ष पुन्हा पहिल्या खुर्चीकडे गेलं. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, नुसतं नव्या पाहुण्याचं कुतूहल होतं.

"नमस्कार," ते म्हणाले. "मघापासून बघतोय, तुम्ही मान खाली घालून बसलाय. गाणं आवडलं नाही काय? कोण आपण?"

उत्तर सुमेधाने गद्र्यांवर सोडलं. ती गद्र्यांकडे पाहत राहिली. पुढच्या प्रत्येक रविवारी, प्रत्येक गाण्यानंतर हा प्रश्न असाच येणार, आणि विचारणाऱ्याला तो दर वेळी नवाच असणार, हे गद्र्यांना त्या क्षणी कळलं. स्मृतिभ्रंशावर त्यांनी तीस वर्षं संशोधन केलं होतं.

ते खुर्चीच्या दांड्याला धरून उठले.

"मी मोरेश्वर गद्रे," ते म्हणाले. "तुमची वही मी नेली होती."