शिकंजे सुटल्यावर

मुरुडला आमच्या पडवीत सुतारकामाचा बाक होता. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, तो आंब्याच्या जाड फळ्यांतून स्वतः केलेला. बाकाला दोन भोकं, आणि त्यांत बसणारे दापोलीच्या लोहाराकडचे दोन लोखंडी शिकंजे, छत्रीच्या मुठीसारखे वाकलेले. फळी खाली सारायची, शिकंज्याच्या डोक्यावर हातोडा घालायचा, की ती जागची हलत नसे. सोडवताना मागून एक टोला. टोले दादाचे, रंधा माझा. दुपारभर फणसाच्या लाकडाचा गोडसर वास आणि सुरूच्या बनातून येणारी समुद्राची गाज. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

शहाऐंशीच्या शिमग्यानंतर दादा आठ दिवसांच्या तापानं गेला. मी मुंबईला कामावर जायचं ठरवलं. जनीवहिनी माहेरी जाणार होती. बाक विकला होता. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. हर्णेच्या आसियाबाईंच्या नातवाचा पाळणा तेवढा राहिला होता.

त्याची शेवटची फळी मी त्या दुपारी बाकावर लावली. रंधा मारून झाला, शिकंज्यांना मागून टोले दिले. दोन्ही सुटले. ते उपसून मी जमिनीवर ठेवले आणि फळी उचलायला गेलो.

उचलेना.

खाली काही चिकटलं असेल म्हणून करवतीचं पातं सरकवलं. ते आरपार गेलं. मग जोर लावून ओढली. बाक हलला, फळी नाही.

वहिनी चहा घेऊन आली.

"काय झालं, भावजी?"

"फळी निघत नाय."

तिनं जमिनीवरचे शिकंजे पाहिले. कप ठेवला, बाकाच्या कडेवर हात टेकला आणि दादाला जेवायला हाक मारायची तशा आवाजात म्हणाली, "अहो, सोडा आता. पोराचा पाळणा हाय तो."

फळी अलगद माझ्या हातात आली.

मी फळी भिंतीला टेकवली. "चला, वहिनी. आत चला."

ती वळली. हात बाकावरच राहिला.

तिनं एकदा ओढून पाहिला. मग थांबली.

"तुम्ही चहा घ्या, भावजी. निवतोय."

मोकळ्या हातानं तिनं स्टूल जवळ घेतलं आणि बसली. कुणी घट्ट आवळावीत तशी तिची बोटं पांढरी पडली होती. ती ओढत मात्र नव्हती.