यादीतलं दुसरं नाव

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी, भर दुपारी तीनला घडलेली गोष्ट आहे ही. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

मावशीचा एकुलता एक मुलगा परदेशात. साडेतीनला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी दोन मिनिटं तो लॅपटॉपवर दिसणार होता.

आणि नेट चालेना.

पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं…

मावशीने रडकुंडीला येऊन माझ्या ताईला फोन लावला. ताई कंप्युटर दुरुस्त करते.

"राउटर बंद कर मावशी. तीसपर्यंत आकडे मोज. मग चालू कर."

केलं. चाक फिरतंच.

"ब्राउझरमधला जुना साठा पुसून टाक."

पुसला. छे!

तीन वाजून दहा.

"अगं, पोराचं तोंड तरी दिसू दे गं मला!"

"थांब, राउटरचं पान उघडू. कोण कोण जोडलंय ते दिसेल. कुणीतरी फुकट्या नेट ओढत असणार."

यादीत दोनच नावं होती. एक तिचा लॅपटॉप.

दुसरं… 'मीच आहे'.

मावशीने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

काकांनी स्वतःच्या फोनला गमतीने दिलेलं नाव होतं ते. दोन वर्षांपूर्वी काका नदीत बुडाले. त्यांचा देह सापडला. खिशातला फोन कधीच सापडला नाही.

"अगं, हा तर ह्यांचा…"

"मावशी, वेळ नाहीये! पासवर्ड बदल. असेल तो बाहेर जाईल."

आतल्या खोलीत खुर्ची सरकली…

घरात ती एकटीच होती.

तिने पासवर्ड बदलला. लॅपटॉप पुन्हा जोडला. दुसरं नाव गेलं.

कॉल लगेच लागला! पण पोरगा कावराबावरा झाला होता.

"आई, बाबांना काय बोललीस?"

"काय?"

"आत्तापर्यंत माझा हात धरून बसले होते गं. एकदम उठले. म्हणाले, तुझ्या आईने दार लावून घेतलं…"

त्याला आत न्यायला माणसं आली. कॉल तुटला.

मावशीने धाय मोकलून रडत जुना पासवर्ड परत घातला. "या हो… त्याच्याजवळ जा!"

यादीत एकच नाव.

पोरगा वाचला. त्या कॉलमधलं त्याला काही आठवत नाही. काका कुठे गेले असतील, हा विचार आला की मला अजून घास गिळवत नाही.

जुना पासवर्ड मावशीने आजही तसाच ठेवलाय.

नेट आता सुसाट चालतं. तेच तिला सहन होत नाही.