बारक्याचं आडवं कपाट

"या घरात माणसं मावतात, पण एक रजई ठेवायला जागा नाही!"

ताई माझ्या कानाशीच पुटपुटली. हातात रजयांचा ढीग, हनुवटीने वरची रजई दाबून धरलेली.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. उगाच काहीबाही रचून सांगणाऱ्यांतली ती नाही, तिला तेवढा वेळच नसतो. म्हणून ही गोष्ट खरी आहे, असं मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि रात्रीची नाही बरं का. रविवारच्या लख्ख दुपारची, तिच्या घरातल्या बाहेरच्या खोलीतली.

मी तिथे गेले की आजही फरशीवर बसते. गुडघे बोंबलतात. बोंबलू देत.

तर, त्या घरात एक लाकडी कपाट होतं. ताईच्या धाकट्या दिराचं. सगळे त्याला बारक्या म्हणत आणि हसत, कारण बारक्या उंटासारखा उंच. प्रत्येक दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घरात यायचा.

एके दिवशी तो कामाला म्हणून गेला...

आणि आला नाही.

वर्षं गेली. कोणी विचारलं की सासूबाई म्हणत, "बाहेर आहे. येईल." भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, लगेच विषय बदलत. ताईच्या जिभेवर एक शब्द कितीदा तरी आला. तिने तो गिळला.

कपाटाला मात्र हात लावायचा नाही. कडीसुद्धा लावायची नाही. "अवेळी आला तर कपडे नकोत का त्याला?" सासूबाई म्हणत.

शेवटी घर अगदीच तुंबलं तेव्हा ताईने शक्कल काढली. कपाट पाठीवर आडवं करायचं, दारं वर येतील, त्यावर गादी. वर बसायला बैठक, पोटात सामान. पाहुण्यांना पत्ता लागायचा नाही.

सासूबाईंनी कपडे स्वतः काढून आपल्या पेटीत ठेवले आणि त्या म्हणाल्या, "करा. पण कडी नको."

सुताराने मात्र लावली. "दारं वाकलीत बाई, कडीशिवाय गादी सपाट बसायची नाही."

ताईने रजया आत भरल्या. कडी घातली. गादी टाकली. ऐटीत त्यावर बसून चहा प्यायली.

सकाळी रजया खुर्चीवर होत्या.

नीट घडी घालून...

गादी जागच्या जागी. कडी लावलेली.

ताईचा पारा चढला. "आई, नको होतं तर तोंडाने सांगायचं."

"मी?" सासूबाई कडाडल्या. "मला चहाचा कप उचलवत नाही, मी गादी उचलू? तूच करतेस. मला वेडं ठरवायला!"

भाऊजींकडे वळली तर ते म्हणाले, "मला माझे मोजे सापडत नाहीत. मी रजया काय काढणार?"

तिने परत भरल्या. परत बाहेर.

पुन्हा भरल्या. पुन्हा बाहेर!

ताई रडकुंडीला आली. भूतबीत तिच्या डोक्यातही नव्हतं. एवढा घाट घातला आणि पसारा जिथल्या तिथे, हेच तिला खात होतं.

तो रविवार उजाडला. भाऊजी बाहेर गेले होते. ताईने रजया भरल्या, कडी घातली आणि गादीवर ठाण मांडलं. "आता बघतेच कोण काढतं ते."

"मीही बघते," म्हणत सासूबाई दुसऱ्या टोकाला बसल्या.

दोघी एकमेकींवर पहारा देत वाटाणे सोलत होत्या. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग सगळं शांत.

सर्रर्र...

कापड सरकल्यासारखं.

"उंदीर," ताई म्हणाली.

सासूबाईंनी हातातली शेंग ताटात ठेवली.

खालून लाकूड करकरलं. झोपलेलं माणूस कूस बदलतं, तसं...

आणि मग...

ठक्.

चौकटीवर डोकं आपटावं तसा आवाज.

सासूबाईंच्या मांडीवरचं ताट खाली गेलं. वाटाणे खोलीभर घरंगळले.

ताई उठली. भीतीपेक्षा संताप जास्त होता, असं ती अजून सांगते. तिने गादी ओढली, कडी काढली, दार उघडलं.

रजया आतच होत्या.

पण एक तळाशी अंथरलेली. एक डोक्याशी, उशीसारखी दुमडलेली. बाकीच्या पायाशी सारलेल्या.

उशीत खळगा होता.

ताईने हात घातला... आणि चटकन मागे घेतला.

ऊब होती.

ताई रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, एवढ्याशा जागेत कोण झोपेल हो? तुम्हीच सांगा."

सासूबाई खाली वाकल्या. अंथरलेल्या रजईची सुरकुती हाताने सारखी केली. मग कडीवर बोट ठेवलं.

"ही काढून टाक."

"काढते."

"आणि यात पुन्हा काही भरू नकोस."

"नाही भरत. पण आई..."

सासूबाईंनी पहिल्यांदाच तिचा हात धरला.

"माझा बारक्या गेला गं," त्या म्हणाल्या. "जिवंत असता, तर एवढ्यात मावला नसता."