ग्रंथालयाची मागची भिंत

ठक-ठक. थापीच्या लाकडी मुठीचा तो आवाज म्हातारा गवंडी उभ्या जन्मात विसरला नव्हता.

विद्यापीठाचं ग्रंथालय बांधताना मागच्या भिंतीवर दोघे भाऊ होते. हा आतून, थोरला बाहेरून, उंच परांचीच्या फळ्यांवर. भिंत डोक्यावर गेली की एकमेकांची तोंडं दिसेनात, म्हणून ठकठक. एकाने ठोकायचं, माझा थर झाला. दुसऱ्याने ठोकायचं, माझाही. आणि थापीचं पातं भिंतीवरून सर्रकन ओढलं की काम बंद, चला घरी. एका दुपारी याने ठोकलं आणि पलीकडून काही आलंच नाही. खाली माणसं ओरडत धावली, ती नंतर.

दादा गेला. पुढे बायकोही गेली. घरात ओ द्यायला कोणी उरलं नाही.

आता ग्रंथालयाची दुरुस्ती निघाली होती. पुस्तकं हलवलेली, कपाटं उघडी, जुन्या कागदांचा वास तेवढा मागे राहिलेला. मागची भिंत पोकळ लागली तर पाडून काचा बसवायच्या, भरीव लागली तर ठेवायची. ते बघायला त्याला बोलावलं होतं.

त्याने थापी उलटी धरून ठोकलं. ठक-ठक.

पलीकडून आलं... ठक-ठक.

शेजारच्या खिडकीतून त्याने वाकून पाहिलं. परांची नाही, शिडी नाही, खाली नुसतं खोल अंगण. विटांवर मात्र चुन्याचा एक पंजा उमटलेला. ओला.

"काका, भिंतीची नाडी बघताय की काय?" इंजिनिअर बाई दारातूनच हसल्या.

"बघतोय, बाई. म्हातारी माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"मग राहू द्या तिला," म्हणून बाई खाली गेल्या.

राहू द्या! म्हणजे कधीही यावं, ठोकावं, आणि पलीकडून कोणीतरी ओ द्यावी. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. पण मग त्याच्या मनात आलं, इतकी वर्षं दादा उन्हापावसात तिथेच उभा आहे. काम बंद झाल्याचं त्याला कोणी सांगितलंच नाही.

त्याने भिंतीला कपाळ टेकवलं.

"दादा... एक शब्द बोल माझ्याशी. मग जा."

कान लावून वाट पाहिली. त्याने थापी सुलटी केली आणि पातं हळूच ओढलं. सर्रर्र...

बाहेर फळ्या करकरल्या. पावलं निघाली. ती खाली उतरली नाहीत. सरळ पुढे गेली, भिंत संपते तिथवर, आणि तिथून मोकळ्या हवेत आणखी पुढे... घराची वाट मागे राहिली, तरी दादा काही न बोलता चालतच गेला.